मिल्टन ऑर्गन : एका स्थलांतरित आणि पुनर्रचित चर्च-वाद्याचा इतिहास

प्रास्ताविक

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात, सेव्हर्न आणि एव्हन या नद्यांच्या संगमाजवळ ट्यूक्सबरी नावाचे छोटेसे गाव आहे. तेथील भव्य ॲबीमध्ये एक पाइप ऑर्गन आहे आणि तो ‘मिल्टन ऑर्गन’ या नावाने ओळखला जातो. हा ऑर्गन या चर्चसाठी घडविलेला नव्हता. १६३१ मध्ये तो ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या चॅपेलसाठी तयार झाला. तेथून तो क्रॉमवेलच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात गेला, राजसत्ता परतल्यावर पुन्हा कॉलेजात आला आणि अखेर १७३७ मध्ये ट्यूक्सबरीस पोहोचला. त्यानंतरही त्याची जागा बदलली, त्याची यंत्रणा अनेकदा नवी करण्यात आली. आज त्यातील नेमके किती १६३१ चे मानावयाचे हा प्रश्न केवळ संगीताच्या अभ्यासकांचा नाही. धर्म, राजकारण, तंत्रज्ञान आणि वारसासंरक्षण या चारही विद्याशाखांशी त्याचा संबंध येतो. प्रस्तुत लेखात या वाद्याचा प्रवास आणि त्या प्रवासातून निर्माण झालेले काही प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे.

‘ऑर्गन’ या शब्दाविषयी

मराठी वाचकास ‘ऑर्गन’ हा शब्द परका नाही. संगीत नाटकाच्या रंगमंचासमोर वाजणारा पायाने चालवावयाचा ऑर्गन सर्वपरिचित आहे. तथापि, तो आणि येथे चर्चिला जाणारा ऑर्गन यांची जात वेगळी. नाटकातील ऑर्गन आणि आपली बाजाची पेटी यांत धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे रीड, हवेच्या झोताने कंप पावतात. पाइप ऑर्गनमध्ये मात्र प्रत्येक स्वरासाठी स्वतंत्र नळी असते. बहुसंख्य नळ्यांचे तत्त्व बासरीचेच. फुंकर माणसाची नसून भात्याची असते एवढेच. नळी जितकी लांब तितका स्वर खालचा. खर्जासाठी आठ फूट किंवा त्याहून लांब नळ्या लागतात, तर अतितार स्वरांच्या नळ्या बोटाएवढ्या असतात. एकाच प्रकारच्या ध्वनिगुणाच्या नळ्यांची एक संपूर्ण माला असते आणि वादक खुंटी ओढून हवी ती माला चालू वा बंद करतो. या खुंटीला ‘स्टॉप’ म्हणतात.

भारताला या वाद्याचे दर्शन फार पूर्वी घडले होते. गोव्याला पाठविलेला हाजी हबीबुल्ला तेथून परतताना इतर युरोपीय नवलाईच्या वस्तूंबरोबर एक ऑर्गन घेऊन १५८० च्या सुमारास अकबराच्या दरबारी आला, अशी नोंद बदायूनीने केली आहे. माणसाएवढ्या उंच पेटीतून निघणारे स्वर ऐकून दरबार थक्क झाला होता. म्हणजे ऑर्गनचा प्रवास आणि राजदरबाराचे कुतूहल यांची सांगड केवळ युरोपातच पडली असे नाही.

ऑर्गन हलविणे म्हणजे काय, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. सतार किंवा व्हायोलिन खोळीत घालून नेता येते. ऑर्गन हे वाद्य असले तरी बांधकाम म्हणूनच उभे राहते. शेकडो नळ्या एकेक करून हाताने उतरवाव्या लागतात. कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या या नळ्या इतक्या मऊ असतात की जोरात दाबले तरी पोचा पडतो. नळ्यांखालची लाकडी वातपेटी, कातडी भाते, स्वरपट्टी आणि झडप यांना जोडणाऱ्या काड्या, बाहेरचे कोरीव लाकडी आवरण हे सर्व सुटे करून क्रमवार मांडावे लागते. एवढे करूनही काम संपत नाही. नळीचे तोंड किती उघडे, तिच्यात हवा किती दाबाने सोडावयाची, हे ज्या वास्तूत ती वाजणार त्या वास्तूच्या प्रतिध्वनीनुसार ठरलेले असते. कॉलेजच्या चॅपेलमध्ये पुरेसा वाटणारा आवाज एखाद्या नॉर्मन मठाच्या प्रचंड दालनात क्षीण वाटू शकतो. यास्तव ऑर्गनचे प्रत्येक स्थलांतर ही एका अर्थी पुनर्रचना असते. ‘तोच’ ऑर्गन दुसरीकडे गेला, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी वस्तुस्थितीच्या दृष्टीने नेहमीच अपुरे असते.

डॅलम घराणे

मॉडलिनचा ऑर्गन घडविणारा रॉबर्ट डॅलम हा इंग्लंडमधील अग्रगण्य ऑर्गनकार घराण्यातला. त्याचे वडील थॉमस डॅलम यांची हकिकत सांगितल्याविना पुढे जाणे योग्य होणार नाही. १५९९ मध्ये राणी एलिझाबेथच्या वतीने तुर्कस्तानचा सुलतान तिसरा मेहमद यास एक स्वयंचलित ऑर्गन नजर करण्यात आला. घड्याळाच्या ठोक्याबरोबर आपोआप वाजणारा आणि वरच्या झुडपातील कृत्रिम पक्षी गाऊ लागणारा असा हा चमत्कार थॉमसने तयार केला व ‘हेक्टर’ या जहाजातून स्वतःच कॉन्स्टँटिनोपलला नेला. उकाड्याने सरस वितळून सांधे निखळले होते, नळ्यांना मार बसला होता. तेथे पोहोचल्यावर सर्व पुन्हा जुळवावे लागले. थॉमसने या प्रवासाची रोजनिशी लिहून ठेवली आणि ती १८९३ मध्ये हॅक्ल्यूट सोसायटीने प्रकाशित केली. भेटीमागचा हेतू अर्थातच व्यापारी होता. लेव्हंट कंपनीच्या सवलती टिकवावयाच्या होत्या. तेच ‘हेक्टर’ जहाज पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत गेले आणि १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्सला घेऊन सुरतेस आले, हा योगायोग भारतीय वाचकास लक्षणीय वाटावा. सुलतानाचा ऑर्गन मात्र फार काळ टिकला नाही. मेहमदानंतर गादीवर आलेल्या पहिल्या अहमदने तो मोडून टाकला.

वडिलांचा एक ऑर्गन परधर्मीय दरबारात नष्ट झाला. मुलाच्या हयातीत स्वधर्मीयांनीच इंग्लंडभरचे ऑर्गन फोडले.

१६३१ चा ऑर्गन आणि त्यामागचे वातावरण

रॉबर्टने मॉडलिनसाठी केलेला ऑर्गन हा त्या काळच्या परिभाषेत ‘डबल ऑर्गन’ होता. म्हणजे एक मोठा ‘ग्रेट’ ऑर्गन आणि वादकाच्या पाठीमागे स्वतंत्र आवरणात बसविलेला लहान ‘चेअर’ ऑर्गन. दोघांना वेगवेगळ्या स्वरपट्ट्या असत. जर्मनी किंवा नेदरलँड्समधील समकालीन ऑर्गनच्या तुलनेत इंग्लिश ऑर्गन साधा असे. पायाने वाजवावयाची पट्टी नसे, तुतारीसारख्या खणखणीत मालाही नसत. गायकवृंदाला साथ करणे हे त्याचे मुख्य काम होते आणि त्या कामाला मृदू, स्वच्छ आवाज पुरेसा होता. आवरणाच्या दर्शनी भागातील काही नळ्यांवर धातू ठोकून उठावदार नक्षी काढली आहे. ही नक्षी आवाजासाठी नाही, डोळ्यांसाठी आहे; आणि आज ट्यूक्सबरीत उभे राहून १६३१ शी थेट नाते सांगणारी सर्वांत निःसंदिग्ध गोष्टही तीच आहे.

हा काळ पहिल्या चार्ल्स राजाचा. विल्यम लॉड यांच्या प्रभावाखाली चर्चमध्ये वेदी, विधी, वस्त्रे आणि संगीत यांना पुन्हा वैभव देण्याचे प्रयत्न चालू होते. ऑक्सफर्ड हा या विचाराचा बालेकिल्ला होता. विरोधकांच्या, म्हणजे प्युरिटनांच्या, दृष्टीने ही कॅथलिक पंथाकडे परतण्याची पायवाट होती. ईश्वराच्या शब्दापुढे वाद्याचा आवाज हा अडथळा आहे, अर्थ न कळणारा नाद हा भाविकाला भुलवितो, अशी त्यांची धारणा होती. या धारणेकडे केवळ रसिकतेचा अभाव म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. शब्दाचा अर्थ मोठा की स्वराचा आनंद, हा वाद आपल्याकडील भजन-कीर्तनाच्या परंपरेतही अधूनमधून डोके वर काढतोच.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर हा वाद हातघाईवर आला. ९ मे १६४४ रोजी पार्लमेंटने मूर्तिपूजा आणि अंधश्रद्धा यांची स्मारके नष्ट करण्यासंबंधी जो अध्यादेश काढला, त्यात चर्च व चॅपेलमधील ऑर्गन आणि त्यांची आवरणे काढून टाकून विद्रूप करण्याचा स्पष्ट आदेश होता. याचा परिणाम असा, की यादवी युद्धापूर्वीचा एकही इंग्लिश चर्च-ऑर्गन आज जसाच्या तसा पूर्ण अवस्थेत उरलेला नाही. उरली आहेत ती काही आवरणे आणि विखुरलेल्या काही नळ्या. स्वतः कॅथलिक असलेला रॉबर्ट डॅलम कुटुंबासह फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात निघून गेला आणि कँपेर येथील कॅथेड्रलसारख्या ठिकाणी ऑर्गन घडवू लागला. कारागीर देशोधडीला लागतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची विद्याही देशोधडीला लागते. इंग्लंडमध्ये पुढे ऑर्गन पुन्हा बांधण्याची वेळ आली तेव्हा ही उणीव प्रकर्षाने जाणवली आणि परतलेल्या कारागिरांनी फ्रेंच वळणाचे संस्कारही बरोबर आणले.

क्रॉमवेलचा आवडता ऑर्गन

मॉडलिनचा ऑर्गन या विध्वंसातून वाचला. जॉन एव्हलिन या रोजनिशीकाराने जुलै १६५४ मध्ये ऑक्सफर्डला भेट दिली तेव्हा मॉडलिन चॅपेलमधील डबल ऑर्गन जागेवर होता. इतरत्र अशी वाद्ये सरसकट मोडली गेली असताना हा कसा टिकला याचे त्याला नवल वाटले. त्याच भेटीत ऑर्लँडो गिबन्सचा मुलगा ख्रिस्तोफर गिबन्स याने तो वाजवूनही दाखविला. म्हणजे अध्यादेशास दहा वर्षे उलटल्यावरही वाद्य केवळ उभेच नव्हते, तर वाजण्याच्या स्थितीत होते.

यानंतर तो हॅम्प्टन कोर्टला हलविण्यात आला. ऑलिव्हर क्रॉमवेल डिसेंबर १६५३ मध्ये लॉर्ड प्रोटेक्टर झाला आणि १६५४ पासून आठवड्याअखेरीस हॅम्प्टन कोर्टला राहू लागला. तो त्या वेळी ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कुलपतीही होता आणि मॉडलिन कॉलेजचा प्रमुख टॉमस गुडविन हा त्याच्या विश्वासातला धर्मोपदेशक होता. मागणी नाकारण्याजोगी परिस्थिती कॉलेजपाशी नव्हती आणि गुडविनला ती नाकारण्याचे कारणही नव्हते. ऑर्गन राजवाड्याच्या मोठ्या दालनात बसविण्यात आला. क्रॉमवेलच्या पदरी जॉन हिंग्स्टन हा संगीतप्रमुख होता आणि त्याच्या हाताखालील मुलांकडून रिचर्ड डेरिंग या कॅथलिक संगीतकाराची लॅटिन मोटेट्स क्रॉमवेल आवडीने ऐकत असे. (हाच हिंग्स्टन पुढे दुसऱ्या चार्ल्सच्या वाद्यांचा रक्षक झाला आणि १६७३ मध्ये बालवयाचा हेन्री पर्सेल त्याच्या हाताखाली उमेदवारीस लागला. राज्ये बदलली तरी भात्यांना ठिगळे लावणारा माणूस लागतोच.)

येथे विसंगती दिसते ती वरवरची आहे. प्युरिटनांचा आक्षेप संगीताला नव्हता, उपासनेतील वाद्यसंगीताला होता. चर्चमध्ये जो ऑर्गन मूर्तिपूजेचे स्मारक ठरला, तोच राजवाड्याच्या दालनात निरुपद्रवी करमणूक ठरू शकत होता. जागा बदलली की वस्तूचा अर्थ बदलतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. किंबहुना, चॅपेलमधून बाहेर पडल्यामुळेच हा ऑर्गन उरलेली काही वर्षे निर्धास्तपणे जगला असे म्हणण्यास जागा आहे. त्याचा रक्षणकर्ता संगीतप्रेमी धर्माधिकारी नव्हता. ज्या पक्षाने ऑर्गन फोडले त्या पक्षाचा नेताच होता.

मिल्टनचे नाव

जॉन मिल्टन १६४९ पासून प्रजासत्ताकाच्या सेवेत लॅटिन चिटणीस होता. त्याचे वडील संगीतकार होते आणि १६०१ च्या ‘द ट्रायम्फ्स ऑफ ओरिआना’ या प्रसिद्ध संग्रहात त्यांची रचना समाविष्ट आहे. मिल्टन स्वतः ऑर्गन वाजवीत असे. १६५२ पर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली होती. या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे अंध महाकवी क्रॉमवेलच्या दालनात एकटाच ऑर्गनसमोर बसला आहे, हे चित्र कल्पनेला सहज सुचते. परंपरेने ते तथ्य म्हणून स्वीकारले आणि वाद्याला त्याचे नाव दिले.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र या नावाला आधार देणारा समकालीन पुरावा नाही. मिल्टनचे घर वेस्टमिन्स्टरमधील पेटी फ्रान्स या भागात होते. अंधत्वानंतर त्याचे बरेचसे काम घरूनच चाले. हॅम्प्टन कोर्टला तो कधी गेलाच नसेल असे नाही. तो तेथे गेला आणि त्याने वाद्याला हात लावला ही शक्यता आहे. शक्यता आणि घटना यांत फरक करणे हेच इतिहासाचे काम आहे. गंमत अशी की या ऑर्गनशी ज्यांचा संबंध निर्विवाद आहे, त्या डॅलम, गिबन्स, हिंग्स्टन यांपैकी कोणाचेही नाव त्याला मिळाले नाही. कारागिरापेक्षा कवीचे नाव अधिक टिकाऊ असते. आणि एक गोष्ट मान्य करावयास हवी की पुढील शतकांत या वाद्यासाठी लोकांच्या मनात जी आस्था राहिली तिच्यात या नावाचा वाटा लहान नाही.

परत कॉलेजात, आणि पुन्हा बाहेर

१६६० मध्ये राजसत्ता पुनःस्थापित झाली, प्रार्थनेत संगीत परतले आणि ऑर्गनही मॉडलिनला परत आला. रॉबर्ट डॅलमही त्याच सुमारास ब्रिटनीहून मायदेशी आला. त्याचे उरलेले आयुष्य थोडे होते. न्यू कॉलेजच्या ऑर्गनचे काम चालू असताना १६६५ मध्ये ऑक्सफर्डलाच त्याचा मृत्यू झाला आणि त्याच कॉलेजच्या आवारात त्याला पुरण्यात आले.

१६९० मध्ये कॉलेजने रेनाटस हॅरिसशी करार करून ऑर्गनची मोठी दुरुस्ती करविली. हॅरिसची आई डॅलम घराण्यातील. त्यामुळे हे काम घरातच राहिले असे म्हणता येईल. साठ वर्षांत अभिरुची बदलली होती. यादवी युद्धापूर्वीच्या इंग्लिश ऑर्गनमध्ये पट्टीवरील स्वर आणि गायकांचा स्वर यांत अंतर असे, आणि वादकाला मनातल्या मनात स्वरांतर करीत साथ करावी लागे. नव्या पिढीला हे नको होते. अशा वाद्याचे स्वरमान बदलावयाचे तर नळ्या कापाव्या किंवा एका पट्टीवरून दुसरीवर सरकवाव्या लागतात. तेव्हा वाद्याच्या ‘मूळ’ आवाजाला धक्का एकोणिसाव्या शतकात बसला असे जे सर्रास समजले जाते ते पूर्णतः खरे नाही. तो अवघ्या दोन पिढ्यांत बसला होता, आणि तोही निर्मात्याच्या नातेवाइकाच्या हातून.

१७३० नंतर कॉलेजने नवा ऑर्गन घ्यावयाचे ठरविले आणि १७३७ मध्ये जुना ट्यूक्सबरीला विकला गेला. जुने वाद्य लहान गावातील चर्चला विकणे हा त्या काळचा रिवाजच होता. यात भावनेचा प्रश्न कोणाला जाणवला नाही. वारसा ही कल्पना अद्याप जन्मावयाची होती.

ट्यूक्सबरी

ही ॲबी मूळ बेनेडिक्टाइन मठाची. तिचे अभिषेकपूजन ११२१ मध्ये झाले. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा ही वास्तूही पाडली जाणार होती. परंतु गावकऱ्यांनी छताचे शिसे आणि घंटा यांच्या मोलाइतके, म्हणजे ४५३ पौंड, भरून ती आपल्या गावाचे चर्च म्हणून विकत घेतली. तेव्हा येथील इमारतही एका अर्थी वाचविलेली, आणि वाद्यही. ऑर्गन प्रथम मुख्य दालन आणि क्वायर यांच्यामधील पडदीवर बसविण्यात आला. भव्य गोल खांबांच्या मध्ये, उंचावर, दोन्ही बाजूंना आवाज पोहोचेल अशी ती जागा ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने उत्तम होती.

१८४८ मध्ये हेन्री विलिस याने त्याची पुनर्बांधणी केली. विलिस तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनातील ऑर्गन, लिव्हरपूलच्या सेंट जॉर्ज हॉलमधील ऑर्गन आणि रॉयल अल्बर्ट हॉलमधील ऑर्गन यांमुळे तो व्हिक्टोरियन इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ ऑर्गनकार गणला गेला. ट्यूक्सबरीत त्याने जुन्या नळ्यांपैकी बऱ्याच सांभाळल्या, परंतु यंत्रणा आणि विस्तार आपल्या काळाला अनुरूप केला. जुन्या वस्तूविषयी आदर आणि नव्या उपयोगाची निकड यांचा हा समन्वय तेव्हा कोणालाही वादग्रस्त वाटला नाही.

वाद उद्भवला तो वास्तूवरून. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे ॲबीच्या नूतनीकरणाचे काम होते. मार्च १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने ‘अथेनिअम’ या नियतकालिकाला पत्र लिहून या नूतनीकरणाविरुद्ध आवाज उठविला. जुन्या वास्तूवरील काळाचे थर खरवडून तिला एखाद्या कल्पित ‘मूळ’ रूपात परत नेणे म्हणजे रक्षण नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच महिन्यात ‘सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शन्ट बिल्डिंग्ज’ ही संस्था स्थापन झाली आणि जगभरच्या वारसासंरक्षण विचाराला तिने दिशा दिली. मॉरिसचा रोख दगडी भिंतींकडे होता, ऑर्गनकडे नव्हता. तरीही ज्या छताखाली हा विचार पेटला त्याच छताखाली वारंवार खोलून जोडलेले हे वाद्य उभे होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. दगडाला मॉरिसचा नियम लावता येतो. हात न लावता तो उभा राहतो. ऑर्गनला तो जसाच्या तसा लावता येत नाही. कातडे सुकते, लाकूड उलते, झडपा अडकतात. हात लावला नाही तर वाद्य मुके होते. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ या शब्दात वस्तू चालती राहावी हा भाव प्रधान आहे, तर मॉरिसच्या ‘संरक्षणा’त वस्तू तीच राहावी हा. ऑर्गनच्या बाबतीत या दोन्ही मागण्या एकाच वेळी पुढे येतात आणि एकीला दिलेले दुसरीकडून काढून घ्यावे लागते.

व्हिक्टोरियन काळात मुख्य दालनातून वेदीपर्यंत दृष्टी अडू नये असा आग्रह सर्वत्र वाढला आणि पडद्यांवरील ऑर्गन ठिकठिकाणी खाली उतरले. ट्यूक्सबरीचा ऑर्गन १८८७ मध्ये क्वायरच्या दक्षिण बाजूच्या कमानीत सध्याच्या जागी आला. शे-दोनशे मैलांच्या प्रवासापेक्षा काही यार्डांचे हे स्थलांतर आवाजाच्या दृष्टीने अधिक महागात पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पडदीवरून खुलेपणाने पसरणारा आवाज आता एका बाजूच्या कमानीतून वळून यावा लागला.

त्याच वर्षी ॲबीला दुसरा ऑर्गन मिळाला. मिचेल आणि थाइन या जोडीने १८८५ च्या लंडनमधील इन्व्हेन्शन्स प्रदर्शनासाठी तो तयार केला होता. रेव्हरंड ग्रोव्ह यांनी तो विकत घेऊन राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ॲबीला अर्पण केला. उत्तरेकडील भुजादालनात उभा असलेला हा ‘ग्रोव्ह ऑर्गन’ त्या काळच्या ऑर्गनकलेचा उत्कृष्ट नमुना समजला जातो. त्याच्या आवाजाची भेदकता आणि वैपुल्य यांपुढे मिल्टन ऑर्गन अधिकच सौम्य वाटत असला पाहिजे.

विसावे शतक : दोन भिन्न उत्तरे

१९४८ मध्ये जे. डब्ल्यू. वॉकर अँड सन्स या कारखान्याने विद्युत यंत्रणेच्या साहाय्याने ॲबीतील ऑर्गन पाच स्वरपट्ट्यांच्या एकाच वादनमंचाशी जोडण्याची योजना हाती घेतली. कल्पना भव्य होती. एकाच वादकाच्या हाताखाली सतराव्या आणि एकोणिसाव्या शतकांचे आवाज आणावयाचे, हे तारेने शक्य झाले होते. परंतु बोट आणि झडप यांच्यामधील प्रत्यक्ष लाकडी काडीचा दुवा तुटला. यांत्रिक जोडणीत वादकाला बोटाखाली हवेचा विरोध जाणवतो आणि स्वराची सुरुवात तो आपल्या स्पर्शाने घडवू शकतो. विद्युत यंत्रणेत झडप एकतर उघडी किंवा बंद. शिवाय अशी यंत्रणा फार टिकत नाही. १६३१ ची नळी वाजते, १९४८ ची तार मात्र पन्नास वर्षांत जुनी होते.

१९९७ मध्ये आयर्लंडच्या केनेथ जोन्स यांनी मिल्टन ऑर्गनची पुन्हा बांधणी केली. या वेळी यांत्रिक जोडणी परत आणण्यात आली, जुन्या नळ्या जपण्यात आल्या, मात्र वाद्य चार स्वरपट्ट्यांचे ठेवण्यात आले. १६३१ चा ‘डबल ऑर्गन’ पुनरुज्जीवित करणे हा पर्याय तत्त्वतः उपलब्ध होता. तो स्वीकारला असता तर अभ्यासकांना दोन स्वरपट्ट्यांचे, पायपट्टी नसलेले वाद्य मिळाले असते. चर्चला दर रविवारी लागणारे वाद्य मिळाले नसते. बाखची रचना त्यावर वाजविता आली नसती, व्हिक्टोरियन स्तोत्रांना भरीव साथ मिळाली नसती. शिवाय हॅरिस आणि विलिस यांनी घातलेली भर पुसून टाकावी लागली असती, म्हणजे मॉरिसने ज्याला विरोध केला तेच करावे लागले असते. उलट पक्षी, आजच्या वाद्यातील बहुतांश यंत्रणा विसाव्या शतकाच्या अखेरची असताना त्याला १६३१ चे म्हणणे कितपत योग्य, असा आक्षेप घेता येतो आणि तो पोकळ नाही. या दोहोंपैकी चर्चने घेतलेला निर्णय अधिक प्रामाणिक वाटतो तो एवढ्यासाठी, की त्यात जुने ते जुने आणि नवे ते नवे म्हणून ओळखता येते. नव्याला जुन्याचे सोंग देण्यात आलेले नाही.

ग्रोव्ह ऑर्गनच्या वाट्याला वेगळे नशीब आले. तो फारसा बदलला गेला नाही, आणि १९४८ च्या योजनेतही त्याची पूर्ण पुनर्रचना प्रत्यक्षात उतरली नाही. परिणामी १८८५ च्या ऑर्गनकारांनी ऐकलेला आवाज आजही बऱ्याच अंशी तसाच ऐकावयास मिळतो. क्वायरच्या कमानीत, त्याच्यापासून काही पावलांवर, रॉबर्ट डॅलमच्या काळचे कोरीव आवरण आणि नक्षीच्या कथिली नळ्या उभ्या आहेत. त्यांच्यामागे हॅरिस, विलिस, वॉकर आणि जोन्स यांच्या हातचे काम एकमेकांत मिसळलेले आहे, आणि वाद्याला नाव आहे ते ज्याने ते वाजविल्याचा पुरावा नाही अशा कवीचे.